आवाज केव्हा येतो? जुन्या ट्रॅक्टरच्या निदानाची रीत

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ट्रॅक्टरला वर्षभर काम असते. उन्हाळ्यात नांगरट, पावसाच्या तोंडावर रोटाव्हेटर, गळीत हंगाम सुरू झाला की फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत उसाची वाहतूक, आणि तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीचा ब्लोअर, अशी कामांची रांग संपत नसल्यामुळे वीस-पंचवीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टरही येथे सहसा मोडीत जात नाही. त्याचे इंजिन एक-दोनदा बांधले जाते, क्लच बदलला जातो, रंग मारला जातो आणि तो पुन्हा कामाला लागतो. अशा ट्रॅक्टरची गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘आवाज येतोय’, आणि या दोन शब्दांमागचा दोष दहा मिनिटांत आवळता येणाऱ्या नटापासून इंजिन पूर्ण उतरवायला लावणाऱ्या क्रँकच्या बिघाडापर्यंत काहीही असू शकतो.

आवाज कानावर पडताच तो कुठून येतो याचा शोध सुरू होतो, आणि चुकीच्या निदानांपैकी बरीचशी याच घाईतून जन्म घेतात. ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट सहसा नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल हे बिडाचे ओतीव भाग एकमेकांना बोल्टांनी जोडून ट्रॅक्टरचा कणा तयार केलेला असतो, आणि त्यामुळे एका टोकाला उमटलेला ठोका सगळ्या अंगभर पसरतो. ड्रायव्हरच्या पायाखाली ऐकू येणारी घरघर प्रत्यक्षात दोन हात पुढे किंवा मागे निर्माण झालेली असू शकते. याउलट तो आवाज कोणत्या परिस्थितीत येतो, कोणत्या परिस्थितीत वाढतो आणि काय केले असता थांबतो, हे नेमके सांगता आले तर संशयित भागांची यादी झपाट्याने आखडत जाते, कारण प्रत्येक भाग त्याच्यावर विशिष्ट प्रकारचा भार आला की मगच बोलतो. निदानाची सगळी रीत या एका तत्त्वावर उभी आहे.

इंजिनाशी जुनी ओळख

या भागाला लोखंडी अवजारांची आणि तेलइंजिनांची ओळख ट्रॅक्टर येण्याच्या कितीतरी आधी झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले; आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगरांपासून सुरुवात करून पुढे डिझेल इंजिने बनवली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि विहिरींवर व नदीकाठी पाणी उपसणारी इंजिने गावोगाव पोचली.

ट्रॅक्टरचा प्रसार त्यानंतरचा आहे. १९५९ मध्ये फरिदाबादहून आयशर, १९६० नंतर मद्रासच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा महिंद्र, सत्तरच्या दशकात झेटरच्या सहकार्याने एचएमटी आणि १९७४ पासून पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज, असे भारतीय बनावटीचे ट्रॅक्टर एकेक करून बाजारात आले. आवाजाच्या निदानासाठी हा इतिहास एका कारणाने उपयोगी पडतो. विहिरीवरचे इंजिन एका सिलिंडरचे आणि संथ फिरणारे असल्यामुळे त्याचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येई, आणि त्यात शिरलेला परका आवाज अप्रशिक्षित कानालाही कळे. आयशर २४१ चे एकाच सिलिंडरचे, हवेने थंड होणारे इंजिन त्या परंपरेला जवळचे आहे. पण एचएमटी २५११ मध्ये दोन, स्वराज ८५५ मध्ये तीन आणि महिंद्र ५७५ मध्ये चार सिलिंडर असल्यामुळे तेथे ठोके एकमेकांत मिसळतात, आणि नुसत्या कानाचे काम रीतसर चाचण्यांवर सोपवावे लागते.

नेहमीचा आवाज आणि परका आवाज

डिझेल इंजिन चांगल्या स्थितीतही आवाज करते, म्हणून त्याचा स्वाभाविक आवाज कसा निर्माण होतो हे आधी समजून घ्यावे लागते. पेट्रोल इंजिनात ठिणगीने पेट घेतला जातो. डिझेल इंजिनात सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सोळा-सतराव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. फवारा सुरू होणे आणि पेट घेणे यांच्यामध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा विलंब असतो. त्या अवधीत साठलेले डिझेल एकदम जळते, दाब अचानक चढतो आणि डिझेलची ओळखीची टणक खटखट उमटते. थंडीत इंजिन नुकतेच सुरू केलेले असताना हा विलंब वाढतो, म्हणून पौषातल्या पहाटे मोठा वाटणारा आवाज इंजिन तापल्यावर मऊ होतो, आणि त्यात दोष काही नसतो.

परका आवाज बहुधा वाढलेल्या मोकळीकीतून येतो. फिरणाऱ्या किंवा सरकणाऱ्या दोन भागांमध्ये ठरावीक फट ठेवलेली असते आणि ती ऑइलच्या थराने भरलेली असते. झीज झाली की फट रुंदावते, ऑइलचा थर अपुरा पडतो, आणि भाराची दिशा बदलताच एक भाग फटीचे अंतर ओलांडून दुसऱ्यावर आदळतो. क्रँकच्या बेअरिंगमध्ये ही फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी असते, तेव्हा ती दुप्पट झाली तरी डोळ्यांना दिसणार नाही. आवाज मात्र कानाला कळतो.

मोठ्या वाटण्या

निदानाची पहिली पायरी म्हणजे ट्रॅक्टरचे भाग एकेक करून खेळातून बाजूला काढणे. ट्रॉली जोडलेली असेल तर ती सोडावी आणि पीटीओ, म्हणजे मागची अवजारे फिरवणारा दांडा, बंद करावा. मग ट्रॅक्टर जागेवर उभा करून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालवावे. आवाज आला तर तो इंजिन, त्याचे जोडभाग, क्लच, हायड्रॉलिक पंप किंवा गिअरबॉक्सचा सतत फिरणारा पुढचा भाग यांपैकी कशाचा तरी असणार. नाही आला तर दोष चालताना किंवा भार घेताना फिरणाऱ्या भागांत आहे.

आवाज येत असेल तर पुढची परीक्षा क्लचच्या पायडलाने होते. पायडल पूर्ण दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो आणि गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट थांबतो. दाबताच घरघर थांबली तर संशय त्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर क्लचचे रिलीज बेअरिंग सुकलेले असते, आणि ड्रायव्हरला पायडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय असेल तर ते अकाली जाते. पायडल दाबल्याने काहीच फरक पडला नाही तर लक्ष इंजिनाकडे वळवावे. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पायडलचा पहिला टप्पा चाकांचा आणि दुसरा पीटीओचा असल्यामुळे ही परीक्षा दोन टप्प्यांत घ्यावी लागते.

यानंतर पंख्याचा पट्टा काढून इंजिन एखादे मिनिटच चालवावे. आवाज बंद झाला तर दोष वॉटर पंप, डायनॅमो किंवा अल्टरनेटर यांच्या बेअरिंगचा असतो, आणि इंजिन उघडण्याचा खर्च वाचतो. पट्टा नसताना पाणी फिरत नाही, म्हणून ही चाचणी लांबवू नये. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याचा पंप नसला तरी हवा ढकलणारा ब्लोअर असतो आणि त्यालाही हाच नियम लागू पडतो.

इंजिनातले ठोके

इंजिनातल्या आवाजांत सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत कमी धोक्याचा म्हणजे टॅपेटचा. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह रॉकर नावाच्या छोट्या तरफांनी उघडले जातात, आणि तापल्यावर लोखंड प्रसरण पावते म्हणून रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. इंजिनागणिक ती वेगळी असली तरी बहुधा ०.२५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असते. फट वाढली की हलकी, कोरडी, नियमित टकटक वरच्या झाकणाखालून ऐकू येते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर संथ चालत असेल तर क्रँक सेकंदाला दहा वेळा फिरते, पण एका सैल टॅपेटचे ठोके सेकंदाला पाचच पडतात. कानाने आकडा मोजता आला नाही तरी इंजिनाच्या गतीच्या मानाने टकटक निम्म्या गतीने चालली आहे हे सरावलेल्या कानाला उमगते.

फट तपासण्यासाठी फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांची जुडी, लागते. इंजिन बंद करून, सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असताना त्याचा पिस्टन वरच्या टोकाला आणून, पाते फटीत सरकवून पाहिले जाते. ते किंचित घासत सरकले पाहिजे. नुसत्या आवाजावर जाऊन फट गरजेपेक्षा कमी केली तर टकटक बंद होते, पण तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळता वायू त्याच्या कडेवरून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून थोडी टकटक करणारा टॅपेट पूर्ण गप्प असलेल्यापेक्षा सुरक्षित मानला जातो.

दुसरा प्रकार जळण्याशी निगडित असतो. एखाद्या नोझलची सुई अडकली आणि ते बारीक फवाऱ्याऐवजी धार सोडू लागले, किंवा डिझेल पंपाचे टायमिंग पुढे सरकून फवारा फार लवकर पडू लागला, तर फवाऱ्यानंतर जळणे उशिरा पण एकदम होते आणि हातोडीसारखा टणक ठोका बसतो. यासोबत काळा धूर, इंजिनाचा थरकाप किंवा जोर कमी होणे अशी लक्षणे असतात, आणि हा आवाज बेअरिंगच्या आवाजासारखा वाटल्यामुळे चांगली इंजिने विनाकारण उघडली जातात.

तिसरा गट यांत्रिक ठोक्यांचा. पिस्टन आणि लायनर यांच्यातली मोकळीक वाढली तर इंजिन थंड असताना पोकळ आवाज येतो आणि पिस्टन तापून फुगला की तो कमी होतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे बेअरिंग गेले तर उलट घडते: थंड, दाट ऑइलमुळे सुरुवातीला दबलेला ठोका ऑइल गरम होऊन पातळ झाल्यावर वाढतो आणि रेस एकदम सोडली असता ठळक ऐकू येतो. क्रँकला तोलून धरणाऱ्या मेन बेअरिंगचा आवाज याहून जड आणि घुमणारा असतो, भार घेताना वाढतो आणि पायाखालच्या पाटीतूनही जाणवतो.

या तिन्ही गटांना वेगळे करणारी चाचणी साधी आहे. इंजिन संथ चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा ढिला केला की तेथले डिझेल बाहेर झिरपते, त्या सिलिंडरमधले जळणे बंद होते आणि त्याच्या पिस्टनवरचा व रॉडवरचा दाब नाहीसा होतो. नट सैल करताच ठोका मावळला तर दोष त्याच सिलिंडरच्या नोझल, पिस्टन किंवा रॉडमध्ये आहे. मग ते नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावावे, आणि ठोकाही नोझलबरोबर सरकला तर दोष फक्त नोझलचा ठरतो. कोणताही नट सैल करून फरक पडला नाही तर टॅपेट, टायमिंग गिअर किंवा इंजिनाबाहेरचा भाग संशयित राहतो. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: जुन्या पद्धतीच्या नोझलमध्येही डिझेल १७५ ते २५० किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतक्या दाबाने येते आणि त्याची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते, म्हणून नट पूर्ण काढू नये, हात आणि चेहरा दूर ठेवावा, जाड हातमोजा व चष्मा वापरावा, आणि धार कातडीत शिरल्याचा संशय आला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

फसवणारे आवाज

इंजिनाबाहेरचे काही आवाज इंजिनाच्या बिघाडाचे सोंग घेतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग फुटली तर निसटणारा धूर फटफट करतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला तर टॅपेट उघडण्याची गरज उरत नाही. हेड गॅस्केट फुटून दाब बाहेर निसटत असेल तर भार पडल्यावर शिट्टीसारखा आवाज येतो, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसतात. सैल बोनेट, तडा गेलेला सायलेन्सरचा कंस, ढिली बॅटरीची पेटी आणि हलणारे मडगार्ड ठरावीक रेसवरच थरथरतात, कारण प्रत्येक वस्तूची थरथरण्याची स्वतःची गती असते आणि इंजिनाची गती तिच्याशी जुळली की थरथर वाढते. रेस थोडी कमी-जास्त करताच नाहीसा होणारा आवाज बहुधा असा बाहेरचा असतो, आणि तो हाताने एकेक पत्रा दाबून सापडतो. मात्र इंजिन चालू असताना पंख्याजवळ किंवा पीटीओजवळ वाकताना उपरणे, टॉवेल, सैल बाही अंगावर ठेवू नये. अशा प्रसंगी होणाऱ्या अपघातांतल्या जखमा बरेचदा भरून येणाऱ्या नसतात.

क्लचपासून चाकापर्यंत

चालतानाच येणारा आवाज पुन्हा प्रश्नांनी विभागला जातो. तो एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचा दात तुटलेला किंवा चरलेला असतो. सर्व गिअरमध्ये येऊन चाकांच्या गतीबरोबर वाढत असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारी मागची दातेरी जोडी, किंवा तिची बेअरिंग तपासावीत. वळतानाच कर्रकर्र ऐकू आली तर डिफरेन्शियलमधले लहान दाते संशयित असतात, कारण दोन्ही मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरतात तेव्हाच ते एकमेकांवर फिरतात. डिफरेन्शियल लॉक चुकून गुंतलेला राहिला तरी वळताना असाच ताण येतो, म्हणून तो सुटला आहे की नाही हे आधी पाहावे.

पाटण, जावळी आणि वाईकडच्या चढउतारांच्या रस्त्यांवर आणखी एक परीक्षा आपोआप होते. चढावर इंजिन चाकांना ओढते तेव्हा गिअरच्या दातांची एक बाजू भार घेते. उतारावर इंजिनाचा ब्रेक लागून ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा दुसरी बाजू. आवाज फक्त चढावर किंवा फक्त उतारावर येत असेल तर दाताची कोणती बाजू झिजली आहे हे उघडण्याआधीच कळते.

उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ठोका बरेचदा ट्रॅक्टरचा नसतोच. हूक आणि ट्रॉलीची पिन झिजून तिचे भोक लांबट झालेले असते, आणि रेस देताना एकदा व सोडताना एकदा असा ठोका बसतो. ट्रॉली सोडून त्याच रस्त्याने फेरी मारली की खात्री होते. पुढच्या बाजूला एक्सलच्या मधल्या पिनची आणि चाकांच्या किंगपिनची बुशे झिजली तर खड्ड्यातच खडखड येते, तर हबचे बेअरिंग सपाट रस्त्यावरही घरघरते. चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे लावून, हाताने हलवून पाहिले की दोन्ही समजतात.

रोटाव्हेटर चालवताना येणारा आवाज पीटीओचा की अवजाराचा, हे अवजार सोडून ठरवावे. पीटीओची नेहमीची गती मिनिटाला ५४० फेरे असते, आणि त्याच्या शाफ्टमधले क्रॉस तिरप्या कोनात फिरताना धक्के खातात. बांधावर वळताना रोटाव्हेटर वर उचलून पीटीओ चालूच ठेवला तर कोन आणखी तिरपा होतो आणि क्रॉसची खडखड वाढते. हायड्रॉलिकचा आवाज मात्र वेगळ्या जातीचा, उंच सुराच्या कुंईसारखा असतो. ऑइल कमी झाले, फिल्टर तुंबला किंवा शोषनळीत हवा शिरली की पंपाला पुरेसे ऑइल मिळत नाही आणि तो ओरडतो. अवजार पूर्ण वर गेल्यानंतरही लीव्हर ओढलेलाच राहिला तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडून असाच आवाज येतो, पण तेव्हा दोष लीव्हरचा असतो.

पुरानंतरचा ट्रॅक्टर

कृष्णाकाठच्या गावांत आवाजाला एक स्थानिक कारण जोडले गेले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत नदीकाठचा मोठा भाग पाण्याखाली गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते, तेथे पाणी ५७ फुटांच्या वर पोचले. ट्रॅक्टर बुडालेला राहिला तर पाणी एअर क्लीनरमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकते, आणि हवेप्रमाणे पाणी दाबले जात नसल्यामुळे अशा अवस्थेत स्टार्टर मारला की वर येणारा पिस्टन पाण्यावर अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर इंजिन महिनोन्महिने चालूही शकते. पण पिस्टन एका कडेने घासत राहतो, लायनर तिरपा झिजतो आणि पुराचा विसर पडल्यानंतर ठोका सुरू होतो. म्हणून जुना ट्रॅक्टर विकत घेताना तो कधी पाण्यात होता का, हा प्रश्न आवाजाच्या निदानाचाही भाग ठरतो. बुडालेल्या ट्रॅक्टरला स्टार्टर न मारता आधी नोझल काढून क्रँक हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, आणि इंजिन, गिअरबॉक्स व हायड्रॉलिक या तिन्ही ठिकाणचे ऑइल बदलावे. दुधाळ झालेले ऑइल हे आत पाणी मिसळल्याचे चिन्ह असते.

कान आणि त्याची साधने

संशयित भाग ठरल्यानंतरच जागेचा शोध घ्यायचा असतो, आणि त्यासाठी मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक भागावर टेकवून मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो. ध्वनी धातूतून हवेत येताना त्याचा फार मोठा अंश पृष्ठभागावरच परत फिरतो, म्हणून आतला बारीक आवाज बाहेर क्षीण होतो. पोलादी दांडा मध्ये आला की तो हवेचा टप्पा टाळून थेट हाडापर्यंत पोचतो. हेच तत्त्व मिस्त्रीच्या स्टेथोस्कोपचे, आणि त्याची नळी कानाला लावलेली असल्यामुळे ते अधिक सुरक्षित आहे. सारख्या भागांची तुलना, उदाहरणार्थ सगळ्या नोझलांची किंवा दोन्ही हबची, एका भागाच्या आवाजापेक्षा अधिक भरवशाची असते.

हल्ली आवाज मोबाइलवर टिपून मिस्त्रीकडे पाठवला जातो. टकटक आणि शिट्टी यांच्या बाबतीत त्याचा उपयोग होतो. पण फोनचा लहान स्पीकर जड, खालच्या सुराचे ठोके नीट उमटवत नाही, आणि धोक्याचे असतात ते नेमके हेच. कानाचीही मर्यादा आहे. केबिन नसलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या कानाशी आवाज ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर जाऊ शकतो, आणि ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढल्यास वर्षांगणिक श्रवणशक्ती घटते. ही घट उंच सुरांपासून सुरू होते, म्हणून बेअरिंगची पहिली बारीक कुरकुर वर्षानुवर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाच ऐकू न येणे शक्य असते, आणि घरातल्या तरुणाने केलेली तक्रार झटकून टाकणे महागात पडू शकते.

थांबायचे केव्हा, उघडायचे केव्हा

प्रत्येक आवाजाला तत्काळ उत्तर लागत नाही, आणि गळीत हंगामात ते परवडतही नाही, कारण तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. टॅपेटची टकटक, पॅकिंगची फटफट, पत्र्याची थरथर आणि पिनची खडखड यांची दुरुस्ती सवडीने करता येते. जड ठोका सुरू होऊन ऑइल प्रेशरचा काटा खाली येत असेल, एकदम नवा धातूवर धातू घासल्याचा आवाज आला असेल, किंवा ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाजूने आवाज येत असेल, तर मात्र ट्रॅक्टर जागेवरच बंद करणे शहाणपणाचे आहे. बेअरिंगने क्रँक धरल्यावर चालवलेला एकेक किलोमीटर दुरुस्तीचा खर्च वाढवतो.

उघडण्याचा निर्णय ऑइल पाहून पक्का करता येतो. तळाचे ऑइल स्वच्छ भांड्यात काढून उन्हात धरले असता तांबूस चमक दिसली तर बेअरिंग किंवा बुशांचा थर निघाला आहे, आणि चुंबकाला चिकटणारा कीस मिळाला तर पोलादी भाग झिजतो आहे. क्रँकला चरे पडले असतील तर ती ग्राइंडिंगला जाते आणि तिच्यावर दहा, वीस किंवा तीस साइजची बेअरिंग बसवली जातात. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे आहेत. दहा म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर. अशी घासणी मर्यादित वेळाच करता येते, म्हणून चुकीच्या निदानाने केलेल्या प्रत्येक उघडणीबरोबर क्रँकचे उरलेले आयुष्य वाया जाण्याचा धोका असतो.

हे सारे टाळण्याचा मार्ग म्हणजे आवाजाची नोंद. अवर मीटरवरचे तास, ऑइल व टॅपेट केव्हा केले, कोणत्या गिअरमध्ये, किती रेसवर, थंड की गरम, भारासह की रिकामा, अशी चार ओळींची नोंद वहीत असली तर मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो, आणि हंगामागणिक ड्रायव्हर बदलणाऱ्या ट्रॅक्टरला तर तिची विशेष गरज असते, कारण नव्या ड्रायव्हरला त्या इंजिनाचा नेहमीचा आवाज ठाऊक नसतो. इंजिन बांधून आणल्यानंतरचे पहिले पन्नास तास नोंद ठेवायला सर्वांत योग्य, कारण पुढच्या प्रत्येक आवाजाची तुलना त्याच काळातल्या आवाजाशी करायची असते.